काळ्या दगडाजवळचा बर्फ

सेनोबिया पाहुण्यांना डोंगरावरचा खडासुद्धा उचलू देत नाही. मागे राजधानीतल्या, लिमाच्या एका वकिलाने सुपारीएवढा दगड खिशात टाकला होता. तो परत जागेवर जाईपर्यंत तिने बस हलू दिली नव्हती.

म्हणून त्या सकाळी जेव्हा ती मला म्हणाली, "येताना मागच्या सीटवर बस. पायाशी एक गाठोडं असेल. कोणाला हात लावू देऊ नकोस," तेव्हा मी साहजिकच विचारलं, "काय आहे त्यात?"

"बर्फ."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

आमची भिंतीला भिंत आहे. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, तरी मैत्रीण. आमच्या वारास गावाहून पाहुण्यांना वायताराजूच्या हिमनदीपर्यंत न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचं, हे तिचं काम. मी साहित्य घेऊन पदवीधर झाले आणि घरी बसले. सीट रिकामी असली की ती मला बरोबर नेते.

तिचे वडील मासेदोनियो यांनी उमेदीची सगळी वर्षं त्याच डोंगरावरून गाढवांवर बर्फ उतरवला. बाजारातले गोळेवाले त्यांच्या वाटेकडे डोळे लावून असायचे. पुढे बर्फ काढायला बंदी आली. आता ते अंथरुणाला खिळलेत आणि त्या वेळी आठवडाभर अन्नाला शिवले नव्हते. सूप जसंच्या तसं परत यायचं. रविवारी ते एवढंच म्हणाले, "माझ्या दगडाजवळचा बर्फ आण. गोळा खाईन."

त्यांचा दगड म्हणजे वाटेवरचा मोठा काळा खडक. बर्फ तिथवर यायचा आणि ते तिथूनच तो काढायचे. अजूनही रोज संध्याकाळी ते पडल्या पडल्या विचारायचे, "बर्फ कुठवर आहे?" आणि सेनोबिया रोज सांगायची, "तुमच्या दगडाला टेकलाय, बाबा." भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. खरं तर त्या दगडापाशी आता बस उभ्या राहतात. बर्फ तिथून तासभर चढ चढल्यावर लागतो. आख्ख्या गल्लीला हे माहीत होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. नेहमीच्या झऱ्यापाशी तिने बस थांबवली नाही. चढताना दम लागू नये म्हणून पाहुण्यांना कोकाची पानं वाटली, पण चघळायची कशी ते सांगायचं विसरली. दर वेळी हिमनदीची गोष्ट रंगवून सांगते, आज अर्ध्यावर सोडली.

"बाई, फोटो तरी काढू द्या," लिमाची एक बाई धापा टाकत म्हणाली.

"काढा ना. हसा, आणि हसत हसत खाली चला."

पाहुणे फोटोत गुंतले तशी ती पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे गेली. मी आडोसा करून उभी राहिले. तिने कमरेची चपटी बाटली काढली, घोटभर दारू जमिनीवर ओतली आणि डोंगराची परवानगी मागितली. कडेचा बर्फ पांढरा, भुसभुशीत होता. तिने तो हातात घेतला आणि टाकून दिला.

"हा घरापर्यंत टिकायचा नाही."

मग ती पुढच्या उभ्या कड्याखाली सरकली. तिथला बर्फ निळा-काळा, काचेसारखा. वडिलांच्या कुऱ्हाडीने तिने डोक्याएवढा तुकडा काढला, इचू गवतात गुंडाळला, वर मेंढीचं कातडं आवळलं.

परतीच्या वाटेवर मेंढ्या आडव्या आल्या. मग विल्देर ड्रायव्हरने नेहमीच्या खाणावळीपाशी ब्रेक मारला.

"आज नको," सेनोबिया म्हणाली.

"ताई, इथला मासा माझ्या पगारातच धरलाय."

"उद्या दोन खा."

"उद्या सुट्टी आहे माझी. आणि मागचे पाहुणे भुकेने मला खातील." त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. "कवयित्रीबाई, तुमच्या सीटखालून ओघळ येतोय. तान्हं बाळ आणलंय का?"

सगळे मासा खात होते. सेनोबिया बसभोवती फेऱ्या मारत होती. मी गाठोडं सावलीला धरून बसले. हात बधिर झाले.

घरी पोहोचलो तेव्हा दोन मुठींएवढा तुकडा उरला होता.

मासेदोनियोंनी आधी गवताचा वास घेतला. चेहरा उजळला. मग बर्फ खिडकीकडे धरला, नखाने टिचकी मारली.

"हा दगडाजवळचा नाही."

"तिथलाच आहे, बाबा."

"तिथला दुधासारखा. मऊ. हा कड्याखालचा आहे. याच्यावर कुऱ्हाडी मोडायच्या, आम्ही नादाला लागायचो नाही." त्यांनी तुकडा फिरवून बघितला. "त्या लिमावाल्यांना कड्याखालपर्यंत नेतेस?"

"हो."

"साध्या बुटांनिशी? दगडापासून तिथवर सगळ्या बर्फावरून?"

ती घोंगडीवर सांडलेल्या गवताच्या काड्या वेचू लागली.

"सेनोबिया, माझ्या दगडापाशी काय आहे आता?"

पाणी त्यांच्या घोंगडीवर ठिबकत होतं.

"बस उभी राहते, बाबा."

त्यांनी बर्फ दुसऱ्या हातात घेतला आणि ओला हात घोंगडीला पुसला.

"किसणी आण," ते म्हणाले. "वितळतोय."

तिने किसला, वर जांभळ्या मक्याचं सरबत ओतलं. त्यांनी दोन चमचे खाल्ले. "सरबत जास्त झालं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. पेला तसाच राहिला. सेनोबिया तो हातात घेऊन अंगणात आली. बर्फाचं पाणी झालं तरी तिने तो खाली ठेवला नाही.

"मी काढायलाच नको होता तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भिंतीला कान लावून बसले होते. वाटलं होतं, आज विचारणार नाहीत.

"कुठवर आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कड्याखाली," सेनोबिया म्हणाली. "कालच्यापेक्षा थोडा मागेच सरकलाय."

"हं."

थोड्या वेळाने सुपाच्या वाटीवर चमचा वाजला.