अनवाणी वाटाड्या

घाटघरला मुक्कामी येणाऱ्या शहरी पावण्यांना कुशाबा गडावर न्यायचा, तोही अनवाणी. पावण्यांना त्यात भक्ती दिसायची. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, लंकाबाईला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून कुशाबाला धड दिसत नव्हतं. कुठला दगड डुगडुगतो, कुठली पायरी फुटकी, हे त्याला तळपाय सांगायचे, आणि घर त्या पायांवरच चाललं होतं.

पावसाळ्यानंतर आज तो पहिल्यांदा पावण्यांना घेऊन निघाला. कड्यापाशी पायाखाली अचानक गुळगुळीत सिमेंट लागलं. कुणा शहाण्यानं नव्या पायऱ्या बांधल्या होत्या. वळण सांगणारा फुटका दगडच गेला होता.

"मामा, थांबलात का?"

"जरा इसावा घ्या, राव," म्हणत कुशाबा खाली बसला आणि हातानं दरीची कड चाचपू लागला.

मागं सात जण त्याच्या पुढच्या पावलाची वाट बघत उभे होते.