कोटाच्या काठावरची रेघ

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, गेल्या. येणारे जाणारे सगळे त्यांच्या हाताचं कौतुक करतात. ते खरंच आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या हरल्या तेव्हा मी समोर होते.

वन्सं नवीन कपडा शिवायच्या नाहीत. जुने नीट करायच्या. सैल असेल ते घट्ट, आखूड असेल ते लांब. दिवसभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवत बसायच्या आणि मशीन बंद केलं की छत्रीवाला. छत्रीवाला हा पुस्तकातला माणूस. ऊन असो पाऊस असो हातात छत्री, आणि खुनी कोण ते शेवटी सांगणार. वन्सं परकरात होत्या तेव्हापासून ती मालिका चालू आहे. लिहिणारा पण आता म्हातारा झालाय म्हणे.

वाचायची त्यांची रीत होती. नवीन भाग आला की आधी ब्लेडनं शेवटचं प्रकरण कापून माझ्या हातात द्यायच्या. मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवायचं. खुनी कोण ते मोठ्यानं सांगितल्याशिवाय पानं मिळणार नाहीत. आधी चुकायच्या, आणि चुकल्या की काय खूष व्हायच्या! पण मागच्या काही भागांत अर्ध्यातच ओळखायला लागल्या. "अगं, टाके बाहेर आलेत म्हाताऱ्याचे. लांबूनच शिवण दिसते," म्हणायच्या आणि पानं मागायच्याच नाहीत. डब्याखाली तशीच पडून राहायची.

आमचे हे चिडवायचे, "ताई, पोलिसात जा तू."

"गेले तर आधी तुलाच आत टाकीन. डब्यातली साखर कोण खातं ते माहितीये मला."

मग वन्संच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरनं ह्यांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं. हे आत आले, आणि तोंड बघूनच वन्संना कळलं. ते काय लपतंय त्यांच्यापासून!

कोपऱ्यावरचा पुस्तकवाला बघायला आला, छत्रीवाल्याचा नवा भाग घेऊन. "ताई, हा वाचाच. म्हातारा परत रंगात आलाय."

"मागच्या खेपेला पण हेच म्हणालास, मेल्या."

पण पुस्तकावरचा हात काढला नाही. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "एकदा मला फसवायला पाहिजे गं त्यानं. जायच्या आधी, एकदाच."

त्यांचे डोळे दमलेले, म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावणार. "अगं, तोवर खुनी म्हातारा होऊन आपोआप मरेल," म्हणाल्या. पण पानं कापायला ब्लेड मागितलंच. पडल्या पडल्याच कापलं, पण सरळ.

लाकडाच्या वखारीचा मालक मेलेला असतो. एक पुतण्या, एक भागीदार, आणि वखारीचा राखणदार, तो बिचारा छत्रीवाल्याला चहा करून देतो. वन्सं पहिल्या दिवशी म्हणाल्या, पुतण्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, थांब, नाही. उशीला टेकून उठून बसल्या. औषधाची वेळ झाली तर माझ्यावरच खेकसल्या, "गप, विचार करू दे." किती दिवसांनी तोंडावर रंग आला होता.

शेवटी म्हणाल्या, "भागीदार. आण पानं."

मी आणली, वाचायला लागले. छत्रीवाला सरळ राखणदाराकडं जातो आणि त्याच्या कोटाचा काठ धरतो. हा कोट तुझा नाही म्हणतो. खरा राखणदार बुटका होता, त्याला मारून हा उंच माणूस त्याच्या जागी आलाय, आणि मालकाला ते कळलं म्हणून त्यालाही मारलंय. कोट खालून उसवून लांब केलाय, पण जुन्या घडीची रेघ जात नाही.

वन्संनी डोळे मिटले. मी घाबरले.

"मागं जा. कोट कुठं आलाय बघ."

बघितलं. चहा देताना आलाय. काठावर फिकट रेघ, असं साफ लिहिलंय. ते वाचलं तेव्हा वन्सं बोलल्या पण होत्या, धुवून धुवून होतं तसं म्हणून. आणि हीच रेघ घालवायला त्या जन्मभर इस्त्री घेऊन झगडल्या होत्या!

"माझंच काम!" वन्सं हसायला लागल्या. "माझ्या नाकासमोर कापड धरलं गं त्यानं, आणि मी म्हणते धुवून झालंय!" हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. मग त्या पानावरून अंगठा फिरवला, कापड बघतात तसा, हळू. "काय शिवलंय गं. शिवण कुठं आहे तेच कळत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. ती ओळ मीच वाचली होती, माझ्याच तोंडानं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पुस्तकात असं करता येतं हे मला कुठं ठाऊक होतं.

परत पहिल्या पानापासून वाच म्हणाल्या. वाचलं. चहाच्या पानापाशी आलं की मला थांबवायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या.

त्याच आठवड्यात गेल्या.

काल पुस्तकवाला आला होता. दारातच घुटमळला. "तो भाग वाचून झाला का हो त्यांचा?"

"झाला."

"मग? ओळखला?"

"नाही. हरल्या."

"ताई हरल्या?" तो मशीनपुढच्या स्टुलावर बसलाच. मग डोळे पुसून म्हणाला, "मग आला म्हातारा परत. खरंच आला."