जयवंताबाईने भिंतीखालचा नळ उकरला

तर चुंबक टक्कन नळाला चिकटला, इथवर काल आलो होतो. शेजारचे नानाजी म्हणाले, "झालं! लोखंड हाय. मांड आता चहा." पण चहा काही झाला नाही, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढेच आहे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. जयवंताबाई आमच्या सिंदी रेल्वे गावची. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या जुन्या चाळीतलं शेवटचं घर तिचं, पुढच्या खोलीत आटाचक्की. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, चक्की विकून टाक. बाईनं पट्टा चढवायला शिकून घेतलं. भुवयांवर कायम पीठ. देवळात आली तरी बाया म्हणायच्या, "सरका वं, ज्वारी आली!" ती स्वतःच आधी हसायची. पण शंकेखोर अशी, की दाताखाली एक खडा आला तर अख्खा डबा परत चाळून द्यायची.

लेक एकच, काजल, आष्टीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातवा लागला तशी बाईनं बाळंतिणीसाठी बाज विणून घेतली. आणि तेवढ्यात तपासणीला गेलेल्या काजलला एका तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं, माहेरचं घर किती जुनं? इंग्रजाच्या काळातल्या घरात कुठं कुठं शिशाचे नळ असतात म्हणे. शिसं पाण्यात उतरतं, पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं, आणि पाणी उकळलं तरी जात नाही. आधी बघून घ्या.

काजलच्या सासूनं, सीताबाईनं, फोनवर सरळ सांगितलं, "नळ पाहून सांगा, विहीणबाई. तोवर पोरगी निंघत नाई." यायचं शुक्रवारी ठरलेलं.

चक्कीच्या तोंडाशी चुंबक असतो, धान्यातले खिळे-तारा पकडायला. लोखंडाला चिकटतो, शिशाला नाही, आणि शिसं किल्लीनंही खरवडतं, आत चकाकतं, हे डॉक्टरीणबाईनं काजलला समजावलं होतं. तोच चुंबक काढून बाईनं अंगणातल्या नळाला लावला होता, आणि तो चिकटला होता.

आधण ठेवता ठेवता तिचा हात थांबला. अंगणातला हा तुकडा तर ओसरी बांधली तेव्हा नवा बसवलेला! पाणी येतं ते भिंतीखालून, जमिनीतल्या जुन्या पाइपातून. तो कोणी पाहिला?

तिनं गॅस बंद केला. "नानाजी, खालचा पाहा लागते."

"काऊन उकरून राह्यली वं? चिकटला ना? काजल याच पाण्यावर वाढली. म्हशीसारखी धट्टीकट्टी हाय."

"तवा मले माईत नव्हतं."

"अन् आता माईत करून काय करशीन? सांगून दे लोखंड हाय म्हणून. आष्टीहून कोन येते पाह्यले?"

खरंच, कोण येणार होतं? मोबाइल तिच्या हातातच होता, विहिणीचा नंबर वरच. एक शब्द बोलायचा, की शुक्रवारी काजल दारात. बाई त्या नंबराकडे बघत उभी राहिली. मग मोबाइल तिनं कट्ट्यावर उलटा ठेवला आणि कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, उचलली.

भिंतीलगतची फरशी निघाली. खाली मुरूम, त्याखाली काळी माती. नानाजी ओसरीवरून टोमणे मारत होते, "विहीर खंदतं का वं? पाणी लागलं तं नळाची कटकटच मिटली!" बाई खणतच राहिली. सब्बल खणकन वाजली की तिला वाटे, लोखंड. आणि निघे दगड. तिचं तोंड पाहून नानाजींचीही मस्करी आटली. ते खाली उतरले आणि हातानं माती ओढू लागले.

पाइप दिसला. काळपट करडा, जोडावर कांद्यासारखा फुगलेला. बाईनं पदरानं पुसला आणि चुंबक टेकवला.

चुंबक घसरला.

"माती लागली असन," नानाजी म्हणाले. आवाज पार उतरलेला. "पुसून लाव."

पुसून लावला. पुन्हा घसरून चिखलात पडला. बाईनं कमरेची किल्ली काढून पाइपावर ओढली. जोर लावावाच लागला नाही, साबणात रुतावी तशी किल्ली रुतली. आतून नव्या जोडव्यांसारखी चकाकी निघाली. इतकं उजळ आणि इतकं नको असलेलं काही तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

चाळीत सगळ्यांनाच हेच पाणी, तेव्हा घरोघरी सांगायला नानाजी उठून गेले.

बाई खड्ड्याशीच बसून राहिली. पाइप बदलायचा तर चाळभर खोदावं लागणार, ते शुक्रवारपर्यंत होण्यातलं नव्हतं. प्यायला पाण्याचे कॅन आणता आले असते. पण बाळंतिणीचं घर, येणारी-जाणारी माणसं, सवयीनं कोणी नळाखाली तांब्या धरला म्हणजे? एका तांब्याचाही भरवसा तिला वाटेना.

फोन वाजला. सीताबाई.

"काय निंघालं?"

"शिसं निंघालं, विहीणबाई."

सीताबाईचा आवाज घाबरला. "मंग कसं करा आता? माह्या गुडघ्याचं तुमाले माईत हाय. माह्याच्यानं एकटीनं बाळंतपण नाई होत. अन् तुमाले इथं बलावाव तं तुमच्यात नातू होईस्तोवर लेकीच्या घरचं पानी बी घेत नाई."

जयवंताबाईनं कपाळाचा घाम मातीच्या हातानं पुसला आणि म्हणाली,

"नाई घेत. माह्या मायनं नाई घेतलं, अन् मी बी काजलच्या लग्नापासून दरखेपी तुमच्या दारातून तहानलेलीच वापस गेलतो. पन आता चक्कीले कुलूप लावून येतो, विहीणबाई, शुक्रवारीच येतो. पयले तुमचा नळ पाहीन. अन् तो चांगला निंघाला का काजलले म्हना, मले एक गिलास पानी देजो."