सुभेदारांचा अंगठा

मासे धरायला मी शिकलो ते खळ्यात. ज्वारीची मळणी उरकलेल्या, शेणानं सारवलेल्या, कोरड्या ठणठणीत खळ्यात. मी जतकडचा, त्यामुळं मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडं पाण्याची बहुतेक कामं पाण्यावाचूनच उरकतात.

लढाई संपून वर्षभर झालं असेल. मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली होती, कारण मास्तर एका जागी राहायचे आणि आमची मेंढरं राहायची नाहीत. दिवाळी झाली की आम्ही जतहून पश्चिमेला निघायचो. पाटणच्या अंगाला लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांना, धान्य आम्हाला, आणि वैशाख सरताना माघारी. त्या साली कोयनेच्या काठच्या एका गावात मला हिवतापानं धरलं. काकानं मला उचलून एका सुभेदारांच्या सोप्यात ठेवलं आणि म्हणाला, "माघारी येताना नेतो. ऱ्हायला तर."

काका वाईट नव्हता. कळप थांबत नाही, एवढंच.

मी राहिलो, तो सुभेदारांच्या बायकोमुळं. त्यांना सगळा गाव आक्का म्हणायचा, मीही म्हणू लागलो. पंधरा दिवस त्यांनी मला कुळथाचं माडगं पाजलं आणि वर शिव्याही दिल्या. ताप उतरल्यावर त्या रोज विचारायच्या, "जेवलास का रं?" मेंढरांमागं मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं जेवण असलं की आपण जेवतो, नसलं की नाही. विचारण्यासारखं त्यात काय आहे? पण मला त्या प्रश्नाची चटक लागली. मला परत जायचं नव्हतं.

धीर करून मी सुभेदारांना म्हणालो, "आवं सुभेदार, काका आला म्हंजी मला मागून घ्या की."

सुभेदारांनी मिशीला हात लावला. लष्करात असताना मोठा निर्णय घेण्याआधी ते असंच करत असावेत.

"मागून घ्यायला काय तरी कारण लागतं गड्या. म्हशीची धार तुला निघत न्हाई. भाताची लावणी तू कवा बघितली न्हाईस. पवाय येत न्हाई. तुजा उपयोग काय, सांग."

मी रात्रंदिवस विचार केला. उपयोग सापडेना. तो सापडला सुभेदारांच्या पत्र्याच्या पेटीत.

पेटीत मासे धरायचं एक विलायती रीळ होतं. मुठीत मावेल एवढं, पितळी, बाजूला फिरवायचा दांडा, आणि मधल्या गोलावर गुंडाळलेला रेशमी दोरा. इटलीतल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक अमेरिकन गोरा होता. सुभेदारांनी त्याला महिन्याभराची आपल्या वाटची रम दिली आणि हे घेतलं. कसं वापरायचं ते गोऱ्यानं इंग्रजीत सांगितलं, सुभेदारांनी मराठीत ऐकलं. घरी आल्यावर उमगलं, की दोरा सुटत असताना त्या गोलावर उजवा अंगठा हलका टेकवून ठेवावा लागतो. सगळी कला त्या अंगठ्यात. आणि सुभेदारांचा उजवा अंगठा तर त्याआधीच बाँबनं नेला होता.

"अंगठा घालवून आले," आक्का आल्यागेल्याला सांगायच्या, "आन अंगठ्यानं चालवायचं यंत्र घेऊन आले."

डाव्या हातानं सुभेदारांनी एकदा प्रयत्न केला होता. दोऱ्याला बांधलेलं शिसं अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडलं. तेव्हापासून डावा हात बंद होता, आक्कांच्या हुकमानं.

सुभेदारांचं मागणं तसं मोठं नव्हतं. गावाखालच्या डोहात पल्याडच्या काठाला एक काळा खडक होता. त्याच्या पोटाखाली मोठे मासे असतात असं ते लहानपणापासून ऐकत होते, पण तिथं जाळं पोचत नव्हतं आणि साधा गळही. गोऱ्यानं रिळाबरोबर एक चकचकीत पत्र्याचा चमचा दिला होता, मागं तीन काट्यांचा गळ लावलेला. तो चमचा एकदा त्या खडकाखाली पडलेला त्यांना बघायचा होता.

"तू माजा अंगठा हो," ते म्हणाले. "चमचा तिथं टाकलास तर तुज्या चुलत्यापाशी मी तुला मागतो. न्हाई तर गठुडं बांध."

हे ते हसत म्हणाले की गंभीरपणानं, मला कळलं नाही. मी ते गंभीरपणानं घेतलं; माझा स्वभावच तसा.

सुभेदारांनी बांबूची एक लहान काठी तासली. दोरा ओवायला तारेच्या कड्या सोनाराकडून करून घेतल्या. चमचा हरवायचा म्हणून त्याच्या जागी शिशाचा गोळा बांधला आणि आम्ही खळ्यात उतरलो.

आता, लांब काही टाकायचं म्हटलं की आमच्या माणसाला एकच माहीत: गोफण. मी काठी डोक्याभोवती तीनदा गरागरा फिरवली आणि सोडली. गोफणीत सोडणं म्हणजे पुरतं सोडणं. दगड गेला की आपला त्याचा संबंध संपला. इथं शिसं गेलं, पण गोल फिरतच राहिला. शिशापेक्षा दोरा जास्त वेगानं बाहेर यायला लागला, फुगला, आणि क्षणात रिळावर सुगरणीचं घरटं तयार. दांडाही उलटा गरगर फिरत होता, त्यानं माझ्या बोटांवर सटासट फटके मारले. शिसं हिसका बसून माघारी आलं आणि सुभेदार जमिनीवर आडवे झाले. ते इटलीतलं शिक्षण.

"आरं, सोडू नगंस!" ते आडव्यानंच ओरडले. "अंगठा!"

मग त्यांनी त्याची परेडच बसवली. "दाब! उचल! फेक! ढिला! दाब!" मी रोज शंभरदा दाबलं, उचललं, फेकलं. कधी अंगठा इतका दाबायचो की शिसं पायाशीच आपटायचं. कधी इतका ढिला, की घरटं. दोऱ्यानं अंगठा भाजून फोड आला. आक्कांनी त्याला तूप लावलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याचाबी घालवा. मग दोगं मिळून टाळ्या वाजवा."

गावानं तर खळ्याभोवती बैठक धरली होती.

"काय रं धनगरा, शाळूत मासं लागलं का?"

"सुभेदार, जरा पल्याड टाकाय सांगा, माज्या उसात लय मोटा हाय!"

मी मान खाली घालून गुंता सोडवत बसायचो. गुंता सोडवण्यात मात्र माझा हात कुणी धरत नव्हता. लोकरीत जन्म गेलेला. असाच एकदा, वैतागून, गुंता बाजूला ठेवून मी आपली चाती काढली. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी. आमचा माणूस चालता चालता कातत असतो. लोकर बोटांतून सुटत होती, फिरकी खाली जात होती, आणि माझं लक्ष माझ्याच अंगठ्याकडं गेलं. तो लोकर धरतही नव्हता आणि सोडतही नव्हता. सूत जाड व्हायला लागलं की थोडा दाबायचा, बारीक व्हायला लागलं की उचलायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या डोक्याला विचारत सुद्धा नव्हता.

मी उरलेला गुंता सोडवला, उठून काठी घेतली, आणि हे शिसं नाहीच, लोकर आहे असं धरून फेकली. शिसं खळं ओलांडून बाभळीपलीकडं पडलं. रिळावर एकही वेढा फुगला नव्हता.

सुभेदार बाभळीपर्यंत पावलं मोजत गेले आणि आले. मग म्हणाले, "उद्या डोहावर."

आणि दुसऱ्याच दिवशी काका आला. कळप पाण्यावर उतरवायचा तर डोहाखेरीज जागा नव्हती. मी काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभा, सुभेदार शेजारी, आक्का भाकरी घेऊन काठावर, आणि समोरून सगळी मेंढरं नि त्यांच्यामागं काका. मला वाटलं, आता पळावं. पण पळायला दोन्ही वाटा मेंढरांनी भरलेल्या.

काकानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जगलास व्हय."

सुभेदार ताठ झाले. "पाव्हणं, ह्यो पोरगा मला द्या. उपयोगाचा हाय."

"कशाच्या?"

"बघा."

माझा अंगठा घामानं ओला होता. मी तो धोतराला पुसला. दाबला, उचललं, फेकलं. चमचा उन्हात चकाकत गेला. अंगठा आपलं काम करत होता आणि मी नुसता बघत होतो. खडकाच्या बरोब्बर पोटाखाली टप् करून चमचा पडला. सुभेदार एका धोंड्यावर खाली बसले.

मी दांडा फिरवून चमचा जवळ आणला. रिकामा.

"मासा?" काका म्हणाला.

"न्हाई."

"त्याला काय लावलंयस? गांडूळ?"

"काय न्हाई. पत्राच हाय."

"मग मासा कशाला ईल?"

"फसून ईल," धोंड्यावरून सुभेदार म्हणाले.

"आलाय का कवा?"

"अजून न्हाई."

काका आक्कांजवळ गेला आणि आवाज उतरवून बोलला, पण काकाचा उतरलेला आवाज सुद्धा दोन शेतं पार जातो.

"आक्का, ह्याच्या डोक्यात ताप गेला, ते दिसतंय. पर ह्यास्नी काय झालं?"

"बाँब," आक्का म्हणाल्या.

काकानं समजल्यासारखी मान हलवली. "मग ऱ्हाऊ दे ह्यालाबी हितंच. दोगांवर ध्यान ठिवायला तुमी हायसा. माज्याकडं मेंढरं हायत, ती श्यानी हायत."

असा मी राहिलो. उपयोगाचा म्हणून नव्हे, बिघडलेला म्हणून.

निघताना काका पाण्यात माझ्यापर्यंत आला आणि त्यानं उलटा हात माझ्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता. "पावसाच्या आदी एकदा आईला तोंड दाव," तो म्हणाला. मी हो म्हणालो. त्यानं शीळ घातली आणि कळप काठ चढायला लागला.

"आरं, परत टाक की!" सुभेदार मागून ओरडले.

काका वळून बघील म्हणून मी थांबलो. तो वळला नाही. मग मी टाकलं. चमचा निम्म्या डोहातच पडला, आणि सुभेदारांनी आक्कांकडची भाकरी माझ्यापुढं धरली.