लावणीचा पिक्चर

"अहो, हला की जरा! फोटो न्हाय हा, पिक्चर हाय!"

बांधावर अख्खं कुटुंब ओळीनं उभं. हात मांड्यांना चिकटलेले, श्वास रोखलेला, म्हातारबुवा तर पापणीही लववत नाहीत. समोर आमचे हे गृहस्थ, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन ओरडताहेत. आणि मागे छत्री धरून मी. कॅमेऱ्याला ऊन लागायला नको. माझ्या टकलाला लागलं तरी चालेल.

आम्ही दोघं भिवंडीत, जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून. टेबलाला टेबल लागून. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आज या गावचं शेत, उद्या त्या गावचं; कुठे कापडाच्या लूमची शेड, कुठे गोदाम. विकणारे खुशीनं विकत होते, पोरांना मोटरसायकली हव्या होत्या. हुरहूर काय ती या एकट्यालाच. विक्रीचा कागद टेबलावर आला की, ते शेत जायच्या आत कॅमेऱ्यात भरायचं म्हणून, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे, "रविवारी रिकामा हायस ना?" तुम्ही म्हणाल, जायचास कशाला? अहो, मी शहरात, निजामपुऱ्यात वाढलेला. भात झाडाला लागतो की वेलीला, इथपासून माझी बोंब. पण त्या माणसाला नाही म्हणवत नसे.

पुढे पुढे गावांनी याचा भलताच अर्थ काढला. कॅमेरा आला की शेत जातं! टेमघरला एका आजीबाईंनी आम्हाला लांबूनच हाकललं, "फुडं जा, बाबांनो! आमचं इकायचं न्हाय!" आम्ही आपले चहाची टपरी शोधत होतो.

माझ्या घरी टीव्हीवर कॅसेट लागली की शिफ्ट सुटलेले लूमवाले दारात थांबायचे. एकदा एकजण डोळे पुसत म्हणाला, "ये तो हमारा गाँव है, साब." पडद्यावर होतं भिवंडीजवळचं शेलार गाव आणि हा तिकडे यूपीतल्या आजमगढचा! मला हसू आलं. गृहस्थ मात्र सरकून बसले. "इधर बैठ, भाई. आराम से देख."

मग एका वर्षी त्यांच्याच घरचं शेत विकायला निघालं. शेलारचं. भावांनी ठरवलं, यांनीही सही केली. ती लावणी शेवटची. दुसरं काही नको होतं त्यांना, आई तेवढी त्या शेतात पिक्चरमध्ये हवी होती. पण म्हातारी महावस्ताद.

"तुझा त्यो काचेचा डोला माज्या शेतावर लावू नको. त्यो लावला का जमीन जाते."

"अगं आये, जमीन गेलीच हाय!"

"तुझ्या कागदावर गेली. हितं लावणी हाय अजून. ठेव ते आन खाली उतर."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कॅमेरा माझ्या हातात देताना कानात म्हणाले, "लाल बटन दाब. आयेला कलू देऊ नको." मी दाबलं. दोघं मायलेक चिखलात वाकून रोपं लावताहेत, आई त्यांना "सरल लाव, सरल!" म्हणून झापतेय, आणि मी हात अवघडेपर्यंत कॅमेरा धरून उभा.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली. पहिल्यांदा बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. काम संपल्यावर बंद करायला म्हणून दाबलं, तेव्हा ते सुरू झालं! लावणीचा पत्ता नाही. माझ्या हातात कॅमेरा लोंबकळतोय आणि पुढे घराकडे चाललेले दोघांचे चिखलानं भरलेले पाय, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते पोट धरून हसले. "गाढवा, निदान मान तरी वर करायची!" मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. दुसऱ्यांदा शूट करू या म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे." कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडून टाकली, म्हणजे त्यावर दुसरं काही भरता येऊ नये.

दोन-चार वर्षांत ते गेले. अचानक. अजूनही रविवार उगवला की मला करमत नाही.

तेराव्यानंतर मी शेलारला गेलो. घरासमोर आता गोदामाची भिंत. म्हातारीनं आजवर एकही कॅसेट बघितली नव्हती. त्या दिवशी तिनं आपणहून विचारलं, "त्यो हाय का रं कशात?"

सूनबाईंनी ती कॅसेट लावली. म्हातारी टीव्हीच्या अगदी पुढ्यात सरकून बसली. गवत, बांध, चार पाय. यातले दोन पाय अंगण ओलांडून सरळ उंबऱ्याकडे निघाले.

"अगं सूनबाय, पानी आन गं," म्हातारी ओरडली, "पाय न धुताच आत चाललाय बघ."