दादांच्या नावापुढे शून्य

तो राग अजून गेलेला नाही. गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या ऑफिसात मी तक्रारींच्या सॉफ्टवेअरवर बसायचे. कुठे कॉम्प्युटर अडला, प्रिंटर बिघडला की त्यात एक काम तयार व्हायचं. दुरुस्ती झाली की ते बंद करायचं. एक दिवस साहेबांनी फर्मावलं, वर्षभरात कुणी किती कामं बंद केली ते काढ, ज्याची सगळ्यात कमी त्याचं कंत्राट संपवू. हाताने मोजायला जन्म गेला असता. मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहून थेट सॉफ्टवेअरलाच विचारलं आणि चहा निवायच्या आत यादी आली. सगळ्यात वर माझं नाव. त्याच फुशारकीत ती पुढे पाठवली, तळाशी न बघता.

तळाशी दादा होते. शून्य.

दादा बांद्याहून मोटरसायकलने यायचे. पाळीच्या खाणीवर ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या खोलीतली दुरुस्ती त्यांच्याकडे. तिथला प्रिंटर लाल धुळीने सारखा गुदमरायचा आणि हा माणूस तोंडाला फडकं बांधून तो खोलून पुसत बसायचा. खाणीत रेंज नाही, म्हणून वर डांबरी रस्त्यावर येऊन मला फोन करायचे, "बाय, तिनय कामां झाली, बंद करून टाक." मी करायचे, माझ्या लॉगिनने.

साहेब म्हणाले, फुकटखाऊ निघाला हा. माझं डोकंच फिरलं. वर्षभर डोळ्यांसमोर राबणाऱ्या माणसावर विश्वास नाही, आणि माझ्या दहा ओळींवर आहे! जागेवर येऊन पाळीच्या काट्याची तेवढी कामं वेगळी काढली. एकूण एक माझ्या नावावर बंद झालेली. तो कागद घेऊन तणतणत केबिनमध्ये गेले आणि ही सगळी दादांची म्हणून सांगितलं.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ती त्यांना दिली, तर तुझ्याकडे काय उरतं?"

मीही कंत्राटावरच होते. कागदाची घडी घातली आणि जागेवर येऊन बसले.

कंत्राटाच्या शेवटच्या दिवशीही दादांचा फोन आला. "काट्यावरचां काम झालां, बंद कर. आणि बाय, माझ्या नावावर एकय काम नाय म्हणतत. तू तेंका सांग गो, तुका म्हायत आसा."

"सांगते," म्हणाले. मग ते काम बंद केलं. त्याच्याखाली त्या दिवसाचं पुढचं काम उघडं होतं, दादांचं लॉगिन काढून टाकायचं. तेही माझ्याच नावावर आलं होतं. मी केलं.