राजाची सागवानी बंदूक

आबांनी उभ्या आयुष्यात खरी बंदूक हातात धरली नव्हती. धुळ्यात त्यांचं सुतारकामाचं दुकान. पाट, पाळणे, बैलगाडीची चाकं. पण ऐंशीच्या दशकात यावलपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, राजा, चेटकीण आणि उडता घोडा असलेल्या एका सिनेमाचं शूटिंग आलं आणि त्यासाठी वीस ठासणीच्या बंदुका आबांनी घडवल्या. नळीसकट सगळ्या सागाच्या.

चित्रं काढून द्यायचं काम माझं. जळगावच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीत सिनेमावाल्यांच्या मागे लागलो होतो. राजाच्या बंदुकीच्या चित्रावर मी चहा सांडला, तर आबांनी दस्त्यावर त्या डागाच्या आकाराचा उंचवटा कोरला. मी खुलासा केला तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मास्तर. राजानी बंदूक शे, जराशी न्यारी पाहिजे."

अर्धवट काम त्यांना जमत नसे. नळीवर तेल आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड घासून ती लोखंडासारखी काळी करायचे. दस्ता पोखरून आत शिसं भरायचे. का, तर शिपाई वजनाने वाकला पाहिजे. एकट्या राजाच्या बंदुकीला महिना लागला.

माल घेऊन आम्ही दोघं एसटीने निघालो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, पोत्यात काय? माझ्या जिभेला हाड नाही. त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "बंदुका. कुणाला बोलू नका."

ते कंडक्टरला बोलले. जळगावला बस स्टँडवर न जाता थेट पोलीस ठाण्यात शिरली.

फौजदारांनी एक बंदूक उचलली, वास घेतला, तोलून पाहिली. "हे लाकूड? मला शिकवता?" मी घामाघूम, आणि आबांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळलेला. शेवटी फौजदार म्हणाले, "एक तोडून दाखवा. ही, उंचवट्याची. बाकीच्या दिखाव्याच्या, खरी हीच असणार."

मी दुसरी पुढे केली. त्याने त्यांचा संशय पक्का झाला.

हवालदार दगड घेऊन आला, तेव्हा आबा पहिल्यांदा हलले. "ठोकू नका साहेब. मी कापस." पिशवीतून करवत काढली, कानावरच्या पेन्सिलीने रेघ मारली आणि आपली महिन्याची मेहनत सरळ रेघेत कापली. फरशीवर सागाचा पिवळा भुसा पडला. फौजदारांनी चहा मागवला. आबांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी राजा तलवार घेऊन लढला. आबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, हे फार वाईट. पुढे कधीही दुकानात गेलो की ते दोन तुकडे भिंतीवर दिसायचे, कापलेली बाजू समोर. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोलिसले खरी बंदूक वाटनी."

आबा गेल्यावर भेटायला गेलो, तर त्यांच्या मुलाने दस्त्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. मी भिंतीवरच्या नळीकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला, "आबांनी बजावलंय. मास्तरले नळी देऊ नको, बसमा घेऊन जाई."